सिस्टरबाईंच्या लॉजातले पेशंट

आमच्या लॉजात उतरायला आलेल्या मानसाला आधी जीभ दाखवावी लागायची. मंग मनगट. बाई घड्याळाकडं बघत नाडी धरायच्या, अन् तोवर त्याची बायको, पोरं, ड्रायव्हर सगळे वऱ्हांड्यात ताटकळत उभे. नाडी बरी लागली की बाई मला म्हनायच्या, "याला तीन नंबर दे." तीन नंबर म्हंजे खोली नाही, खाट. खोल्यांना नंबर नव्हतेच. खाटांना होते.

खानवेलला सगळे त्यांना सिस्टरबाई म्हनायचे. नाशिककडं कुठल्याशा सरकारी दवाखान्यात त्यांनी उभी जिंदगी नर्सची नोकरी केली. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर सिल्वासाच्या पुढं, डोंगरात, हे कौलारू घर घेतलं अन् लॉज काढलं. तवा खानवेलला काय होतं? सागाचं जंगल, नदी, चार दुकानं अन् वारल्यांचे पाडे. लोक म्हनाले, म्हातारी खुळी आहे, इथं उतरायला येनार कोन?

पन लोक येत होते. पलीकडं गुजरातेत दारूबंदी, इकडं मिळते, म्हनून सुरतेहून, वापीहून शनिवारी गाड्या भरून यायच्या. बाईंना घर घेताना हे ठाऊक नव्हतं. ठाऊक झाल्यावर दुसरं कोनी असतं तर त्यानं एक तर बार टाकला असता, नाही तर दारू पिऊ नये अशी पाटी लावली असती. बाईंनी दोन्ही केलं नाही. आल्या आल्या बाटली बाईंकडं जमा करायची, असा कायदा केला. संध्याकाळी जेवनाच्या आधी त्या पांढरी साडी नेसून, औषध मापायच्या छोट्या काचेच्या ग्लासात ती दारू मापून, ट्रेमधी ठेवून, खाटेखाटेला नेऊन द्यायच्या. समोर उभं राहून पाजायच्या. दुसरं माप मागितलं की पुन्हा नाडी.

सुरतेचा एक जाडा कापडवाला हसत म्हनाला, "सिस्टर, चमच्यानं नाही का देत?" बाई हसल्या नाहीत. म्हनाल्या, "तुझे डोळे पिवळे दिसतात. चमच्यानंच द्यायला पाहिजे."  पुढं तो आपले मैतर घेऊन आला, खास ही गंमत बघायला. पन त्याच्यासारखा एखादाच. बाकीचे शिव्या देत निघून जायचे, ते पुन्हा फाटकात दिसायचे नाहीत. बाईंना त्याचं काही नव्हतं. मला होतं. मी चुलीपाशी बसून, वऱ्हांड्यात कोनाचा आवाज चढतो का, तिकडंच कान लावून असायची.

आमचं सगळं त्या लॉजावर होतं म्हनून.

आम्ही शिरपूरकडचे. धनी सिल्वासाजवळ मसाटला धाग्याच्या कारखान्यात लागले, तवा टोकरखाड्याला एका खोलीत राहायचो. एक दिवस त्यांचा उजवा हात मशिनीत गेला. तीन बोटं गेली. कारखान्यानं मलमपट्टीपुरतं केलं अन् मंग गेटावरूनच परत पाठवायला लागले. खोलीवाला दिवाळीपर्यंत ऱ्हा म्हनला, पुढं त्याचा साडू येनार होता. गावी जावं तर दिरांचंच भागेना. पोर आमचं जगलं नव्हतं, म्हंजे दोनच तोंडं, पन दोन तोंडांनाही कुठंतरी छप्पर लागतंच की. मला रात्री झोप यायची नाही अन् दिवसा काम सुचायचं नाही, असे ते दिवस.

आमलीच्या बाजारात आम्ही दोघं उभे होतो. मला कोनी भांडी घासायचं काम देतं का बघत होतो. तेवढ्यात एक उंच, वाळकी बाई आली, तिनं कापसाचा गठ्ठा काखेत मारलेला, अन् काही न बोलता धन्यांचा हात धरला. पट्टी मळलेली, वास मारत होती. "ही कोणी बांधली? गवंड्यानं?" असं म्हनत तिनं तिथंच, कांद्याच्या हातगाडीवर हात ठेवून, पट्टी सोडली. कांदेवाला ओरडायला लागला तर त्यालाच म्हनाली, पाणी आण उकळलेलं. अन् त्यानं शेजारच्या चहावाल्याकडून आनलं, खरंच. पट्टी झाल्यावर तिनं मला विचारलं, सैपाक येतो का. मी येतो म्हनाले. "चला मग," म्हनाली अन् बसकडं चालायला लागली. आम्ही मागं. एक ट्रंक होती, ती दुसऱ्या दिवशी आनली.

घराच्या मागं एक खोली होती, तिथं आम्हाला ठेवलं. मी सैपाक करायची, धनी फाटकावर बसायचे, डाव्या हातानं झाडायला, पानी ओढायला शिकले. बाई त्यांना वॉर्डबॉय म्हनायच्या. चाळिशीचा मानूस, पन त्यांना ते आवडायचं.

पहाटे पाचला सगळ्या खाटांना चहा. कोनी उठो न उठो. खिडक्या उघड्या. मंग बाई एकेकाला विचारत जायच्या, पोट साफ झालं का. मोठमोठे साहेब लोक, कारखान्यांचे इंजिनेर पुण्या-मुंबईचे, बायकोसमोर लाजून मान हलवायचे. रात्री नवाला दिवे बंद. कोनी पत्ते खेळत बसले तर बाई दारात येऊन उभ्या राहायच्या, काहीच बोलायच्या नाहीत, अन् लोक पत्ते आवरायचे. मला वाटतं, प्रत्येक मानूस कधी ना कधी दवाखान्यात पडलेला असतो, ती भीती अंगात राहाते.

एकदा नाशिकचं नवं जोडपं आलं. पोरगा लाजरा, बोलेना, चेहरा लाल. बाईंनी जीभ बघितली अन् म्हनाल्या, टायफॉईड. तो बिचारा लग्नाच्या जागरनानं दमला असेल, नाही तर उन्हानं. पन बाईंनी त्याला पाच नंबरवर झोपवलं, पेज पाजली, अन् त्या नवरीला बाहेरच्या बाकावर चादर दिली. "नातेवाइकांनी बाकावर झोपायचं," म्हनाल्या. मी बाईंना आत बोलावून सांगितलं, बाई, लग्नाला चारच दिवस झालेत त्यांच्या. तर म्हनतात, "म्हणूनच सांभाळायला पाहिजे." सकाळी बघते तर दोघं पळून गेलेले, बाकावरची चादर घडी घालून ठेवलेली. त्या पोरीला आई-बापानं चांगलं वळन लावलेलं, एवढं मला कळलं. बाकी, नाशिककडचं कोनी पुढं वर्षभर आलं नाही.

मी एकदाच विचारलं होतं, की बाई, तुम्हाला दवाखान्याचाच एवढा सोस, तर लॉज कशाला काढलं? त्या तवा डाळ निवडत होत्या. म्हनाल्या, "तिथं निम्मे लोक झाकून न्यावे लागायचे. इथं सगळे आपल्या पायांनी परत जातात." अन् डाळीतला खडा बाजूला टाकला. 

पन घर एकट्या बाईंचं नव्हतं. अर्धा पैसा त्यांच्या भावाचा होता. भाऊ वारला, मंग तो वाटा भाच्याकडं आला. भाचा नाशिकला राहायचा. एका दिवाळीला बायकोला घेऊन आला, घरभर फिरला, अन् मी आत पुऱ्या लाटत होते तवा त्याचं बोलनं ऐकलं. "आत्या, इथं जागेला आता भाव यायला लागलाय. तू हे काय नर्सिंग होम करून बसलीस?" बाईंनी त्याला फराळ दिला अन् पोट साफ होतं का विचारलं. तो गेला, पन तवापासून फाटकाशी जीप थांबली की मी हातातलं भांडं ठेवून खिडकीशी जायची. सिल्वासाला कारखान्यावर कारखाने उठत होते, रस्ता रुंद झाला होता, डोंगरात स्विमिंग पूलवाले रिसॉर्ट निघनार म्हनून लोक बोलायचे. मला एवढंच कळत होतं की घर विकलं की मागची खोलीबी जानार. बाईंना नाशिक होतं, भाचा होता. आम्हाला कोन होतं?

पावसाळा सरता सरता एक मानूस आला. एकटा. पन्नाशीचा, बुशशर्टातला, हातात पिशवीसुद्धा नाही. वापीकडचा होता, मराठी तोडकं-मोडकं. आता लॉजवाल्यांचा सगळीकडं एक नेम असतो, एकट्या मानसाला, बिनसामानाच्याला, खोली द्यायची नाही. कारन असा मानूस कधी कधी जीव द्यायला आलेला असतो. मंग पोलीस, पंचनामा, लॉजाला टाळं. अन् पोलीस आधी कोनाला धरनार? फाटकावरच्याला. मी बाईंच्या मागं लागले, बाई, याला नका ठेवू. बाईंनी त्याची नाडी धरली, डोळ्याची पापनी खाली ओढून बघितली, अन् एक नंबर दिला. एक नंबर म्हंजे वऱ्हांड्यातली खाट, बाईंच्या टेबलासमोरची.

मंग त्याचे चाळे सुरू झाले. हातपाय धुतले न धुतले की तो मागं गेला अन् विहिरीत वाकून बघायला लागला. चांगला वेळ बघत होता. दगड टाकून बघितला. मंग घरात आला, मान वर करून आढ्याकडं बघत बसला. एका वाशाला हात लावून जोर लावला, धरतो का बघितलं. दुसऱ्या खोलीत गेला, तिथंही तेच. धनी माझ्याकडं धावत आले, तोंड पांढरं. म्हनाले, "तो वासे तपासतोय गं."

बाईंना सांगितलं. बाई म्हनाल्या, मी बघितलंय. त्यांनी विहिरीचा दोर सोडून आपल्या कपाटात ठेवला. विहिरीवर पत्रा टाकून त्यावर पाटा ठेवला. वाळत घालायच्या दोऱ्या काढल्या, ओले कपडे आम्ही कुंपनावर टाकले. त्याला धोतर हवं होतं नेसायला, तर बाईंनी पेशंटांचा जुना झगा दिला, दवाखान्यातला, मागनं बंदांचा. अन् धन्यांना सांगितलं, याच्यापासून नजर काढायची नाही, संडासला गेला तरी बाहेर उभं राहायचं. तो मानूस चिडला. म्हनाला, हे काय जेल आहे काय, मला सकाळी जाऊ द्या. बाई त्याच्याशेजारी बसल्या अन् हळू आवाजात म्हनाल्या, "जाशील. आधी पोटभर जेव. घरी कोण कोण आहे तुला?"  बायको, दोन पोरी आहेत म्हनाला. बाईंनी पोरींची नावं विचारली, शाळा विचारली. मी दारातून बघत होते. मला एकीकडं वाटे, हा मरतो का काय, अन् दुसरीकडं वाटे, हा जगला अन् बाईंनी डांबून ठेवलं म्हनून पोलिसात गेला तर?

सकाळी तो जाऊ शकला नाही, कारन उठलाच नाही. अंग तव्यासारखं तापलेलं, वर तीन गोधड्या टाकल्या तरी दात वाजत होते. बाईंनी धन्यांना सरकारी दवाखान्यात पिटाळलं. डॉक्टर आला, बोट टोचून काचेवर रक्त नेलं, अन् मलेरिया निघाला. आमच्याकडं तवा घरटी एक असायचाच मलेरियाचा. गोळ्या दिल्या, कडूजहर.

बाई एकदम वेगळ्या झाल्या. मी इतकी वर्षं बघत होते, पन तशा बघितल्या नव्हत्या. पावलं हलकी पडायला लागली. कपाळावर पट्ट्या, घोट घोट पानी, घामाचे कपडे बदलनं, सगळं न बोलता. खोट्या पेशंटांपाशी त्या फार बोलायच्या. खऱ्यापाशी गप्प.

दुपारी त्या जरा आडव्या झाल्या, तवा मी त्याच्यापाशी बसले. ताप चढलेला होता. तो बडबडत होता, आधी गुजरातीत, मंग माझ्याकडं बघून मराठीत. म्हनाला, पाणी बारमाही आहे का विहिरीला? लाकूड सागाचंच आहे ना सगळं? हद्द नदीपर्यंत आहे, भाच्यानं तसं सांगितलंय. म्हातारीला कळू देऊ नका, असं भाचाच म्हनाला, आधी नुसतं बघून या.

मी पट्टी पान्याच्या भांड्यात टाकली.

म्हंजे हा मरायला आलाच नव्हता. हा घर घ्यायला आला होता. म्हनून विहीर, म्हनून वासे. मी उठले, मागं गेले, आमच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले. धन्यांना सांगितलं नाही. खरं सांगते, त्याचं वाईट व्हावं असं मनात आलं नाही. पन तो बरा झाला की आपन रस्त्यावर, हे काही डोक्यातून जाईना. ताप उतरेल तसतसं आमचं छप्पर उतरनार होतं. अन् उतरवनार कोन, तर बाईच, रात्रंदिवस खपून.

बाई उठल्यावर मी सगळं सांगितलं. त्याचा शब्द अन् शब्द. त्या चष्मा पुसत ऐकत होत्या.

"ताप किती आहे आता?" त्यांनी विचारलं.

मी म्हनाले, बाई, मी काय सांगते, तो तुमचं घर घ्यायला आलाय. भाच्यानं पाठवलंय.

"ऐकलं. आधी ताप उतरू दे. मग घेऊ दे."

अन् त्या गार पान्याचं भांडं घेऊन बाहेर गेल्या. मला तवा राग आला होता. बाईंवर पहिल्यांदा. वाटलं, यांना आपलं काय, ह्या नाशिकला जातील, आम्हाला धरून इथं आनलं तसं सोडून देतील. पन मी मुगाचं कढन केलं त्याच्यासाठी. करायचंच होतं ते.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते माझं मलाच माहीत. ताप एक दिवस जायचा, एक दिवस यायचा. गेला की मला भीती, आला की त्या मानसाची दया. तो बाईंना आधी बेन म्हनायचा, मंग सिस्टर म्हनायला लागला. झग्याचे मागचे बंद धन्यांकडून बांधून घ्यायचा, निमूटपने. पहाटेचा चहा स्वतःहून उठून प्यायचा. पोट साफ झालं का विचारलं की खरं सांगायचा. मला एकदा म्हनाला, "माझी बायको पन एवढं करत नाही, अन् ही बाई मला ओळखतबी नाही." मी म्हनाले, ओळखतात. 

शेवटी ताप गेला तो आला नाही. त्यानं अंघोळ केली, नागलीच्या दोन भाकरी खाल्ल्या, आपला बुशशर्ट घातला. वऱ्हांड्यात बाईंच्या टेबलासमोर येऊन बसला. मी आत भाकरी थापत होते, पन थापनं थांबवलं, ऐकू यावं म्हनून.

तो म्हनाला, सिस्टर, मला माफ करा, मी तसा मानूस नाही, मी जागा बघायला आलो होतो. बाई म्हनाल्या, माहीत आहे. तो म्हनाला, कधीपासून? त्या म्हनाल्या, तुला एकशे तीन ताप होता तेव्हापासून.  मंग तो म्हनाला, की भाचा त्याचा अर्धा द्यायला तयार आहे. तुमच्या अर्ध्याचं तुम्ही सांगाल ते देतो, कमी देनार नाही.

"माझं काय विचारतोस," बाई म्हनाल्या. "मी आता किती दिवसांची. थांब."

अन् त्यांनी मला हाक मारली. मी पदराला हात पुसत दारात आले. बाईंनी खुर्ची ओढली अन् बस म्हनाल्या. त्या वऱ्हांड्यातल्या खुर्चीवर मी कधी बसले नव्हते. मी उभीच राहिले. तर म्हनाल्या, "बस म्हणते ना." मी टोकावर बसले.

"ही अन् हिचा नवरा मागच्या खोलीत राहतात," त्या त्याला म्हनाल्या. "हे घर तुला द्यायचं का नाही, ते हिला विचार. कुठं जायचं ते हिला जायचंय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघत होते. मला सांगा, मला हे कधी कोनी विचारलं होतं? कुठल्या गावी दिली, कुठल्या शहरात नेली, कुठल्या खोलीत ठेवली, दुसऱ्यांनी ठरवायचं अन् मी ट्रंक भरायची. मला वाटायचं, बाया असंच राहातात. छाती अशी धडधडत होती की वाटलं, आता बाई माझीच नाडी धरतात का काय.  पन मला माझाच आवाज ऐकू आला.

"मला कुठं जायचं नाही."

एवढंच म्हनाले. बास.

तो मानूस पायातल्या चपलेकडं बघत म्हनाला, "मंग मी काय करू, सिस्टर?"

"राहिलेल्या गोळ्या घे," बाई म्हनाल्या. "बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नको."

पुढं कळलं, त्यानं भाच्याला सांगितलं की विहिरीला पानी टिकत नाही अन् वासे पोखरलेत. खोटं. त्यानं नदीपलीकडं जागा घेतली अन् तिथं मोठं रिसॉर्ट बांधलं. आमच्या लॉजात येनारे निम्मे तिकडं वळले. बाईंनी त्या महिन्यातच सिल्वासाला जाऊन मागची खोली माझ्या नावानं करून आनली, भाच्याशी केवढं भांडून, ते मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. बाई गेल्यावर भाच्यानं पुढचं घर विकलं. धनी गेले. खोली आहे. मी आहे.

पन त्या सकाळी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो मानूस फाटकातून बाहेर पडला अन् बसच्या रस्त्याला लागला. बाई कमरेवर हात ठेवून तो वळनाआड होईपर्यंत बघत राहिल्या. मी अजून खुर्चीच्या टोकावरच.  घर राहिलं का गेलं, काही कळेना. मी म्हनाले, बाई, आता काय होईल आपलं?

बाई वळल्या, माझ्याकडं बघितलं.

"काय व्हायचंय," म्हनाल्या. "एक नंबर मोकळा झाला. चादर बदल."